पिकगार्डखालचा दुसरा कान

मित्रांनो, मी एक पिकअप आहे. सामान वाहून नेते ती मागून उघडी गाडी नव्हे. मी इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप. अंगाने काडेपेटीपेक्षा जरासा लांब. माझ्या पोटात लोहचुंबकाच्या कांड्या आहेत आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक अशा तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारची स्टीलची तार माझ्यासमोर थरथरली की माझ्या वेढ्यांमध्ये वीज थरथरते. ती वायरमधून अ‍ॅम्पकडे जाते आणि अ‍ॅम्प तिचा मोठा सूर करतो. म्हणजे अ‍ॅम्प हे गिटारचं तोंड आणि मी तिचा कान.

माझे भाऊबंद तारांच्या खाली उघड्यावर बसतात. त्यांना लोक पाहतात, फडक्याने पुसतात. माझ्या वाट्याला ते आलं नाही. तारा छेडायच्या नखीचे ओरखडे लाकडावर पडू नयेत म्हणून गिटारच्या अंगावर प्लास्टिकचा एक पातळ पत्रा बसवलेला असतो, त्याला पिकगार्ड म्हणतात. मला त्या पत्र्याच्या खाली लपवण्यात आलं. बाहेरून पाहणाऱ्याला नुसता पांढराशुभ्र पत्रा दिसे आणि त्याच्या पलीकडे एकुलता एक जुना पिकअप. आत कुणी जीव मुठीत धरून बसलं आहे, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मला का लपवलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे आठवलं की आजही माझ्या वेढ्यांना कापरं भरतं.

माझा जन्म गिटारींच्या कारखान्यात झाला नाही. तो झाला विजेच्या मोटारी भरायच्या एका दुकानात. जळालेले पंखे, पाण्याचे पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटारी असं सगळं तिथे येई, आणि एक बाई त्यांचं करपलेलं वाइंडिंग, म्हणजे आत गुंडाळलेली तार, उपसून नवं भरून देई. तिला घरीदारी सगळे ‘धाकटी’ म्हणत. पन्नाशी गाठली तरी ती धाकटीच होती, कारण थोरला भाऊ हयात होता आणि त्याने दुसरं काही म्हणायची कुणाला सोयच ठेवली नव्हती.

धाकटीने गिटारचा पिकअप आधी कधी केलेला नव्हता. पण गुंडाळलेल्या तारेतून वीज कशी वागते हे तिला ठाऊक होतं. विजेच्या एका मोडक्या घंटीतून तिने ती केसासारखी तार सोडवली. जाड पुठ्ठा कापून माझा सांगाडा केला. मग तो शिलाई मशीनच्या चाकाला चिकटवून, दोन बोटांच्या चिमटीतून तार सोडत तिने मला भरायला घेतलं. तार तुटली. पुन्हा तुटली. धाकटीने तिला असं काही सुनावलं, की ते मी तुमच्यासारख्या मुलांना सांगू शकत नाही. पण बोटं मात्र हळुवार होती. जन्मताच एवढ्या शिव्या आणि एवढी माया एकदम मिळाल्याने मी पार गोंधळून गेलो. तो माझा पहिला धक्का.

आता एक गोष्ट नीट ऐका. मोटारीचं वाइंडिंग भरून झालं की ते वार्निशमध्ये बुडवतात आणि भट्टीत भाजतात. त्याने सगळे वेढे एकमेकांना घट्ट चिकटतात. धाकटीच्या लेखी वार्निश लावायचं ते मोटार तापते म्हणून, वेढे जळू नयेत म्हणून. तिने मला हातात धरलं, कोपऱ्यातल्या वार्निशच्या डब्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. गिटार न्यायला भाऊ संध्याकाळीच यायचा होता.

ती मला म्हणाली, “तू काय तापणार आहेस? तुला कशाला वार्निश?”

आणि मी तसाच राहिलो, सुट्या वेढ्यांचा. पिकअपला वार्निश किंवा मेण लागतं ते तापण्यापासून वाचवायला नव्हे, वेढे हलू नयेत म्हणून, हे तिला कुठून कळावं? जन्मभर तिने तापणाऱ्या वस्तूच हाताळल्या होत्या. माझे वेढे मात्र सुटे राहिल्यामुळे कुणी जवळ बोललं की थरथरत. माझ्या जातीच्या बाकीच्यांना फक्त तारा ऐकू येतात. मला माणसंही ऐकू येऊ लागली.

टेबलावर एक गिटार उताणी पडली होती. धाकटीने तिचा पिकगार्ड उघडला. खाली लाकडात एक रिकामा खड्डा होता. कारखान्यात एकाच मापाच्या लाकडातून तऱ्हेतऱ्हेच्या गिटारी करतात, त्यामुळे काहींत असे खड्डे वापराविना राहून जातात. धाकटीने मला त्यात बसवलं, माझ्या दोन वायरींना कथलाचा डाग देऊन जुन्या पिकअपच्या वायरींशी जोडलं आणि मला वाटलं, आता वरच्या पत्र्याला खिडकी पाडेल. तिने पत्रा होता तसाच माझ्यावर ठेवला आणि स्क्रू पिळायला घेतले. एकेका स्क्रूबरोबर उजेडाची एकेक फट मिटत गेली. मी हबकून गेलो. एवढ्या कष्टाने घडवलं आणि जिवंत गाडलं!

हे सगळं त्या थोरल्या भावासाठी चाललं होतं. त्याला सगळे दादा म्हणत, म्हणून मीही दादाच म्हणतो. दादा एका मोठ्या हॉटेलाच्या जेवणाच्या हॉलमध्ये गिटार वाजवी. त्याचा मोठा तोरा होता, की आपल्या गिटारला एकच पिकअप आहे आणि तेवढा पुरे आहे. दुसऱ्या वादकांच्या गिटारी पाहून तो म्हणे, तीन-तीन कान लावून घेतलेत आणि वाजवतात बहिऱ्यासारखं. आवाज बोटांत असतो, यंत्रात नसतो, हे त्याचं म्हणणं गावभर माहीत होतं.

आणि त्याच बोटांनी दगा दिला. उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. चहाचा कप हातातून सुटला. मग वाजवता वाजवता नखी निसटायला लागली. डॉक्टरबाईंनी सांगितलं, मनगटात एक शीर दाबली गेली आहे. छोटं ऑपरेशन करून ती मोकळी करता येईल. पण वेळ दवडली तर अंगठ्याच्या बुडाशी असलेलं मांस सुकेल आणि मग पकड परत येणार नाही. तारीखही दिली. दादाने मान डोलावली आणि घरी येऊन गिटार भिंतीकडे तोंड करून उभी केली. त्याच्या गिटारचा आवाज आता बारीक, किरटा येत होता. हॉलमधली माणसं जेवताना मोठमोठ्याने बोलू लागली होती. ऑपरेशननंतर हात मुळीच चालला नाही तर, ही भीती वेगळीच. तो घरात कुणाशी धड बोलेना.

धाकटीने मनाशी हिशेब मांडला: ह्याला जरा उभारी आली, आपण अजून वाजवू शकतो असं वाटलं, तर हा हिमतीने ऑपरेशनला जाईल. नव्या तारा घालून देते, साफसफाई करते, असं सांगून तिने गिटार दुकानात आणवली. उघड सांगून दुसरा पिकअप बसवला असता, तर दादाने तो तिच्याच डोक्यात घातला असता. म्हणून मी पत्र्याखाली.

त्या संध्याकाळी धाकटीसोबत घरी येऊन दादाने गिटार अ‍ॅम्पला जोडली आणि पहिला सूर छेडला. मित्रांनो, स्टीलची तार डोक्यावर थरथरते म्हणजे काय, हे मला तोवर माहीत नव्हतं. वीज कडाडावी तसं माझ्या सर्वांगातून काहीतरी धावत गेलं. अ‍ॅम्पमधून भरदार, गोल, उबदार सूर बाहेर आला आणि खोलीत पसरला. दादाचा हात थांबला. त्याने पुन्हा तोच सूर छेडला.

“धाकटे, तारा कुठल्या घातल्यास गं?”

“नेहमीच्याच की.”

मग दादाने एक अख्खी धून वाजवली, तीही डोळे मिटून, असं वहिनी नंतर सगळ्यांना सांगे. वहिनी म्हणजे दादाची बायको. ती ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली होती आणि तिच्या हातांवरचं पाणी फरशीवर टपटपत होतं, तेवढं मला ऐकू आलं. धून संपल्यावर दादा म्हणाला, “हात आला माझा परत.” धाकटी पिशवी उचलून निघून गेली.

मग हॉटेलातले दिवस सुरू झाले. ते माझे वैभवाचे दिवस. हॉलमधली कुजबुज हळूहळू शांत होई, काटे-चमचे थांबत. बँडमध्ये ड्रम वाजवणारा एक गलेलठ्ठ माणूस होता, त्याला सगळे धडाम म्हणत. तो दादाला विचारी, की हल्ली जेवतोस तरी काय, आम्हालाही सांग. दादा हसून म्हणे, ही बोटं बघ. टाळ्या पडत. सगळं कौतुक त्या बोटांचं आणि फार तर त्या उघड्यावर बसलेल्या जुन्या पिकअपचं. एकाने तर त्याला हात लावून विचारलं, की ह्या एका पिकअपमधून एवढा आवाज! मी आत अंधारात बसून ऐकत होतो. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटे. पण दादा घरी जाताना शीळ घाली, आणि ती ऐकली की माझा रुसवा टिकत नसे.

अशाच एका सकाळी दादा गिटार मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याने फोन लावला. दवाखान्यात. मी कान टवकारले. आता हा विचारणार, ऑपरेशनला किती वाजता येऊ?

“नाव काढून टाका माझं,” दादा म्हणाला. “हात बरा झालाय. ती वेळ दुसऱ्या कुणाला तरी द्या, उगाच कुणाचा खोळंबा नको.”

मी सुन्न झालो. हात बरा झालाय? ज्याच्या डोक्यावरच्या तारा तो हात रोज छेडत होता, त्याला विचारा ना! माझ्यापर्यंत येणारा थरकाप दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. नखी तारेवर नेमकी पडत नव्हती, घसरत होती. मी होतो म्हणून बाहेर सूर भरून येत होता, एवढंच. जो आवाज त्याला धीर द्यायला आत बसवला होता, तोच त्याचा हात खात होता. आणि मला तोंड नव्हतं.

धाकटीला हे वहिनीकडून कळलं, तशी ती धावत आली. सगळं खरं सांगून टाकायचं असं ठरवूनच आली असावी, कारण आल्या आल्या म्हणाली, “दादा, मला तुझ्याशी बोलायचंय.” पण दादाने तिला आधी बोलूच दिलं नाही. तिला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाला, “धाकटे, माझं संपलं असं समजून चाललो होतो गं मी. कुणाला बोललो नाही.” एवढ्या वर्षांत भावाला असं बोलताना तिने कधी ऐकलं नसावं. ती काय सांगायला आली होती ते तिच्या घशातच राहिलं. मग तिने आडून आडून ऑपरेशनचा विषय काढला, तर दादा हसायला लागला. म्हणे, तुझ्याकडे येतं ते सगळं जळालेलंच असतं, म्हणून तुला सगळीकडे जळकंच दिसतं. तिने साफसफाईसाठी गिटार मागितली, म्हणजे मला हळूच काढता येईल. दादाने दिली नाही. हिला आता माझ्यापासून हलवायची नाही म्हणाला.

त्यानंतर मला एक नवाच आवाज ऐकू येऊ लागला. वाजवायला बसण्याआधी दादा काहीतरी चर्रकन फाडे आणि गुंडाळी. मग त्याची नखी निसटेनाशी झाली, पण तारेवर पडे ती काठी आपटावी तशी. वहिनीने एकदा विचारलं, अंगठ्याला काय झालं? तो म्हणाला, कापलं जरा, पट्टी लावलीय. रोज कापतंय का, असं विचारावं हे तिला सुचलं नाही. मला सुचलं होतं. पण माझं कोण ऐकतं?

आणि मग तो दिवस उजाडला. त्या दिवशी हॉटेलला सुट्टी होती. दुपारी धडाम दादाच्या घरी सरावाला आला होता. अ‍ॅम्प बाहेरच्या खोलीत होता. दादा आतल्या खोलीत पलंगावर बसून लांब वायरवर वाजवत होता, कारण बाहेर धडामच्या ड्रमने बसायला जागाच उरली नव्हती. मध्येच धडामने ओरडून सांगितलं, की अ‍ॅम्प खरखरतोय, येऊन बघ. दादाने गिटार तशीच पलंगावर उताणी ठेवली, आवाजाचं बटण होतं तिथेच ठेवलं आणि बाहेर गेला.

धाकटी त्या वेळी घरातच होती. ती ह्याच संधीची वाट पाहत असावी. मला तिची पावलं ऐकू आली, मग स्क्रूवर स्क्रू ड्रायव्हर टेकल्याचा आवाज. तिचा श्वास अगदी माझ्यावर पडत होता. एवढ्यात वहिनी आत आली. तिने दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, की वन्संबाई, चोरासारखं हे काय चाललंय?

धाकटीचा धीर सुटला. गिटारवर तशीच ओणवी राहून ती कुजबुजली.

“वहिनी, त्याचा हात बरा झालेला नाही. तू ऐकतेस तो आवाज त्याच्या हाताचा नाही. मी आत दुसरा पिकअप लपवलाय. त्याला उभारी यावी म्हणून केलं, आणि त्याने ऑपरेशनच रद्द केलं. आता काय करू मी?”

मित्रांनो, कान मिटता येत नाहीत. प्रत्येक शब्द माझ्या सुट्या वेढ्यांवर आदळला, वेढे थरथरले, वीज धावली. आणि मी जे ऐकलं ते वायरमधून सरळ बाहेर गेलं.

“काय?” वहिनी जवळ येऊन ओरडली.

आणि बंद दारापलीकडून, बाहेरच्या खोलीतून, तिचाच आवाज दसपट मोठा होऊन परत आला. काय?

दोघी थिजल्या. बाहेर धडामच्या हातातली टिपरी जमिनीवर पडून घरंगळत गेली, ती कुठेतरी भिंतीला लागून थांबली. मग काहीच नाही. एवढी शांतता मी गाडला गेलो त्या दिवशीसुद्धा ऐकली नव्हती. माझ्याच तोंडून, नव्हे, माझ्याच कानातून हे घर फुटलं होतं.

दार उघडलं. दादा म्हणाला, “उघड तो पत्रा.”

धाकटीने उघडला. उजेड माझ्यावर असा कोसळला, की क्षणभर काही कळेना. मग मी दादाला पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा. आवाजावरून मी मोठा धिप्पाड माणूस कल्पिला होता. समोर एक हडकुळा, पिकल्या मिशांचा गृहस्थ उभा होता. आणि त्याच्या उजव्या अंगठ्याला, मळक्या चिकटपट्टीचे वेढ्यावर वेढे देऊन, नखी बांधलेली होती.

ती मी पाहिली, धाकटीने पाहिली आणि वहिनीनेही पाहिली.

“ह्याची वायर तोड,” दादा म्हणाला. धाकटीने पिशवीतून पकड काढली आणि माझ्या वायरी तोडल्या. दादाने गिटार घेतली. पत्रा निघालेला, मी तुटक्या वायरींनिशी खड्ड्यात उघडा पडलो आहे, अशा अवतारात त्याने वाजवायला सुरुवात केली. नुसत्या जुन्या पिकअपवर, नुसत्या स्वतःच्या हाताने. त्या रात्रंदिवस घोटलेल्या धुनेतले निम्मे सूर आलेच नाहीत. आले तेही असे, की दुसऱ्या कुणी वाजवले असते तर दादा उठून गेला असता. अर्ध्यावर तो थांबला.

वहिनीने त्याचा हात धरला आणि पट्टी सोडवायला घेतली. तो नको म्हणाला नाही. पट्टीखाली कापल्याची काही खूण नव्हती. अंगठ्याच्या बुडाशी जिथे गुबगुबीत मांस असतं तिथे एक खळगा पडला होता. वहिनी त्या खळग्यावरून नुसती बोट फिरवत राहिली.

“तू मला फसवलंस,” दादा धाकटीला म्हणाला.

“हो. आणि तू?”

दादा पट्टीचा बोळा मुठीत घ्यायला गेला, तो मुठीतून पडला. मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, “त्या टाळ्या कुणाच्या होत्या गं?”

बोलला तो दारात उभा असलेला धडाम. “टाळ्यांचं मला माहीत नाही,” तो म्हणाला, “पण चुका सगळ्या तुझ्याच होत्या. वर्षानुवर्षं ऐकतोय, ओळखतो मी.” कुणी हसलं नाही. मग वहिनी हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. रडतच तिने दवाखान्यात फोन लावला. तो मी ऐकला.

धाकटी मला पिशवीत घालून घेऊन गेली. दुकानाच्या खणात, झिजलेल्या बेअरिंगांच्या आणि वायरींच्या तुकड्यांच्या गर्दीत तिने मला ठेवून दिलं. आता मला काही कामच उरलं नाही. खणात धूळ साचली. बाहेर मोटारी येत होत्या, जात होत्या. धाकटी पूर्वी काम करताना गुणगुणायची, तेही बंद झालं. दादाने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. वहिनी मात्र फोन करी आणि धाकटी तो कानाला लावून नुसती ‘हं, हं’ करी. त्यातूनच मला तुकडे मिळत गेले. ऑपरेशन झालं. डॉक्टरबाई रागावल्या, आधी आला असता तर सगळाच हात परत मिळाला असता म्हणाल्या. मुंग्या गेल्या. बोटं चालतात. अंगठ्याला मात्र पूर्वीची पकड नाही. सदऱ्याची बटणं अजून वहिनीच लावते. ओला स्पंज दाबायचा व्यायाम करतो. गिटारला हात लावलेला नाही. धाकटीचं नाव काढत नाही.

आणि एक दिवस दुकानाच्या दारात गिटार घेऊन दादाच उभा.

खण अर्धवट उघडा होता, म्हणून मला पाहता आलं. त्याने गिटार टेबलावर ठेवली, स्टूल ओढलं आणि स्क्रू ड्रायव्हर मागितला. धाकटी म्हणाली, “दे, मी उघडते.” त्याने नुसता हात पुढे केला. तिने स्क्रू ड्रायव्हर त्यात ठेवला.

पिकगार्डला पुष्कळ स्क्रू असतात. पहिल्याच स्क्रूवरून दादाचा हात घसरला. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा स्क्रू जरासा हलला. धाकटी उठली, परत बसली. तिचे हात आपोआप पुढे येत होते, म्हणून तिने ते स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले. हजारो मोटारी उघडलेली ती बाई भावाला एकेक स्क्रू सोडवताना बघत बसली, आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही घाम आला होता, जणू सगळं वजन तीच पेलते आहे. मध्येच एक गिऱ्हाईक दारात येऊन पंखा झाला का म्हणून विचारू लागलं. दोघेही एकदम म्हणाले, “थांबा.” ते घाबरून थांबलं.

शेवटचा स्क्रू निघाला. दादाने पत्रा बाजूला ठेवला आणि घामेजलेला हात पुसला.

“कुठाय तो?”

धाकटीने मला खणातून काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्याने मला उचललं. पकड कच्ची होती, पण त्याने मला पडू दिलं नाही. उलटसुलट करून पाहिलं. मला वाटलं, आता फेकतो.

“चांगला भरलायस,” तो म्हणाला. “बसव परत. पण खिडकी काप. दिसू दे लोकांना.”

“लोक विचारतील, एकाचे दोन कधी झाले?”

“विचारू देत. बहिणीने दिलाय म्हणेन.”

ऑपरेशननंतर तो तिच्याशी हे पहिल्यांदाच एवढं बोलला होता. धाकटीने मान खाली घातली आणि टेबलावर नसलेली कसली तरी वस्तू शोधू लागली.

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे. पिकअपची जशी काळजी घ्यावी, ओल आणि धूळ यांपासून जपावं, तसं तुम्ही तुमच्या वस्तूंना जपाच. पण त्याहून एक मागणं आहे. तुमचं एखादं माणूस कुठे अडलं, थकलं, तर त्याला जरूर आधार द्या. फक्त तो पत्र्याखाली दडवून देऊ नका. त्याला दिसेल असा द्या. तो चिडेल, तोंडावर नको म्हणेल, चार दिवस अबोला धरेल. तेवढं सोसा. आणि तुमचंच काही दुखत असेल, तर पट्टीखाली झाकून ‘कापलंय’ म्हणू नका. दोघांनी झाकलं, की मग बिचाऱ्या यंत्रांना बोलावं लागतं, आणि आम्हाला हळू बोलता येत नाही.

राहिली माझी खिडकी. ती कुठे कापायची, हे दादाने पेन्सिल घेऊन स्वतः त्या पांढऱ्या पत्र्यावर आखलं. अंगठा थरथरत होता, रेघ एका बाजूला उतरत गेली आणि कोपरा कलला. धाकटीने सवयीने फूटपट्टीला हात घातला, रेघ सरळ करायला. मग फूटपट्टी तिने परत जागेवर ठेवली. बारीक करवत घेतली आणि त्या वाकड्या रेघेवरून, तसूभरही इकडेतिकडे न होता, जशीच्या तशी खिडकी कापली.

मी आज तिच्यातूनच बाहेर बघतो. ती थोडी तिरकी आहे.